येणार होतो…



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण वही घेऊन माझ्याकडे आला. नोकरीसाठी तो जपानी शिकतो आहे आणि एन-फोर परीक्षेची तयारी करतो आहे. "फादर, 'करायचा विचार आहे' आणि 'प्रयत्न केला' यांसाठी जपानीत इतकी रूपे आहेत की डोके चालेनासे झाले आहे," तो म्हणाला. मी सहज वही चाळू लागलो आणि तिच्यातच अडकलो.

'आकेते मिता' म्हणजे दार उघडून पाहिले. दार उघडले, आत काय आहे ते कळले. 'आकेयो तो शिता' म्हणजे दार उघडू पाहिले. धडपड झाली, पण दार बहुधा उघडले नाही. 'मिता' हे पाहणे या क्रियापदाचेच रूप आहे, म्हणजे 'करून पाहणे' जपानी माणूसही अगदी आपल्यासारखेच म्हणतो!

पुढे एक शब्द होता, 'त्सुमोरी'. त्याचा अर्थ बेत, इरादा. 'इकु त्सुमोरी' म्हणजे जाण्याचा बेत आहे. मात्र तोच शब्द झालेल्या क्रियेला जोडला की अर्थ फिरतो. 'यात्ता त्सुमोरी' म्हणजे आपण केले असे स्वतःला वाटते, पण प्रत्यक्षात ते तसे झालेले असेलच असे नाही. हे वाचून मी थांबलो, कारण मला एक घर आठवले.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका आजारी गृहस्थांच्या मुलीने मला दोनदा निरोप दिला होता. "या आठवड्यात नक्की येतो," असे मी दोन्ही वेळा म्हणालो. रोज मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. ती करता करता मनाला कुठेतरी वाटू लागले की त्यांचे आपण केले आहे. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो तो अंत्यविधीसाठी. मुलगी म्हणाली, "बाबा विचारत होते, फादर कधी येणार?" मी म्हणालो, "येणार होतो, ताई." ते खोटे नव्हते. पण त्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता.

मग इच्छेला किंमत नाही का? आहे. सेमिनरीत आम्ही तेराव्या शतकातील संत थॉमस अॅक्वायनस शिकलो. त्यांच्या मते नुसते आरोग्य हवे असणे म्हणजे हेतू नव्हे. ज्या उपायाने ते मिळेल त्या उपायासह ते हवे असणे, हा हेतू. मला त्या गृहस्थांना भेटायचे होते, पण त्यासाठी कोणता दिवस आणि कोणते काम बाजूला ठेवायचे, हे मी ठरवलेच नव्हते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानी शिकले होते. त्यांना येशूसंघात जायचे होते, पण प्रवेश मिळाला नाही. दार उघडू पाहिले, ते उघडले नाही. त्यांनी काही काळ व्यापार केला, मग मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रुसावर देण्यात आले, त्यांत ते होते. एक दार बंद झाले म्हणून त्यांनी आपला हेतू सोडला नाही. त्यासाठी दुसरी वाट धरली.

त्या वहीत आणखी एक नियम होता. 'मी करीन म्हणतो' हे स्वतःबद्दल थेट सांगता येते, पण दुसऱ्याच्या मनातल्या बेतासाठी वेगळे रूप वापरावे लागते. दुसऱ्याचे मन आपल्याला थेट दिसत नाही, याची जणू ती भाषा आठवण देते. आपण मात्र स्वतःला हेतूवरून माफ करतो आणि दुसऱ्याला कृतीवरून दोषी ठरवतो. न आलेल्या भावाचाही काही बेत असेल, त्यानेही दार उघडू पाहिले असेल, एवढे तरी आपण मानावे.

या आठवड्यात आपल्या मनातले एक 'येणार होतो' शोधा. ज्यांच्याकडे जायचे राहिले आहे त्यांना फोन करून दिवस आणि वेळ सांगा. मीही एका घरी तसा फोन केला आहे. मंगळवारी संध्याकाळी तिथे जाणार आहे.

आपला,
फादर