बिगुलामागचा माणूस

अमेरिकेत असे काही माजी सैनिक आहेत, जे निवृत्तीनंतरही गणवेश नीट घडी घालून ठेवतात आणि कुणाचा निरोप आला की बिगूल घेऊन दफनभूमीकडे निघतात. मृत सैनिकाची त्यांची बहुधा ओळखही नसते. मानधन घ्यायचं नसतं. कबरीपासून जरा दूर उभं राहायचं, मिनिटभर ‘टॅप्स’ ही निरोपाची धून वाजवायची, सलाम करायचा आणि परतायचं. असा वादक स्वतःच जगाचा निरोप घेतो, तेव्हा त्याच्या कोणत्या गुणाचा गौरव करायचा? त्याचं मोठेपण कळायचं, तर मृत सैनिकाला मान कोणी द्यायचा, हा विचार दीडशेहून अधिक वर्षांत कसा बदलत गेला ते पाहायला हवं.

सुरुवात अमेरिकी यादवी युद्धात झाली. जुलै 1862 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगला उत्तरेच्या फौजेचा तळ होता. रात्री दिवे मालवायचा ठरलेला इशारा जनरल डॅनियल बटरफील्ड यांना रुक्ष वाटे. त्यांनी एका जुन्या लष्करी सुरावटीत फेरफार केला आणि ऑलिव्हर विलकॉक्स नॉर्टन या बिगूलवादकाकडून ती वाजवून घेतली. हीच ती ‘टॅप्स’. शेजारच्या पलटणींतले वादक दुसऱ्याच दिवसापासून ती मागायला येऊ लागले. त्याच मोहिमेत कॅप्टन जॉन टिडबॉल यांच्या तोफखान्यातला एक जवान मरण पावला. बंदुकांच्या तीन फैरी झाडून निरोप देण्याची रीत होती. पण शत्रू जवळ होता, फैरी ऐकून लढाई पुन्हा पेटली असा समज झाला असता. म्हणून टिडबॉल यांनी टॅप्स वाजवायला सांगितलं.

त्या दिवशी मान देणारा आणि मान घेणारा एकाच छावणीतले होते. बिगूल वाजवणाऱ्याने त्या जवानाबरोबर तीच धूळ खाल्ली होती, तीच भीती सोसली होती. पुढे 1891 मध्ये अमेरिकी लष्कराच्या नियमांत अंत्यविधीला टॅप्स वाजवणं आवश्यक ठरलं. सोबत्यांच्या मनात आलं म्हणून सुरू झालेली गोष्ट आता संस्थेचं कर्तव्य झाली. हा बदल मला मोलाचा वाटतो. मान मिळणं हे जवळ कोण उरलं आहे यावर अवलंबून राहिलं नाही.

या कर्तव्यात वाजवणाऱ्याचं काय पणाला लागतं, ते दिसलं 25 नोव्हेंबर 1963 ला. त्या दिवशी अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडींचा अंत्यविधी झाला. सार्जंट कीथ क्लार्क थंडीत ताटकळत उभे होते. टॅप्स वाजवताना त्यांचा सहावा सूर फुटला. ऐकणाऱ्या अनेकांना तो हुंदका वाटला. बिगुलाला कळा नसतात. टॅप्सचे चोवीस सूर म्हणजे चारच स्वरांची फिरवाफिरव, आणि ते चारही केवळ ओठांच्या ताणावर आणि श्वासावर निघतात. थंडीत पितळ गार पडतं, ओठ आखडतात, सूर निसटतो. निसटण्याची ही शक्यता पत्करूनच कुणीतरी उभं राहतं, म्हणून त्या मिनिटाला किंमत येते, हे त्या दिवशी एका देशाला जाणवलं.

विसाव्या शतकाच्या अखेरीला प्रश्न संख्येचा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे 1 कोटी 60 लाख लोक सैन्यात होते. ती पिढी आता वेगाने संपत होती. 1 जानेवारी 2000 पासून कायदा लागू झाला: कुटुंबाने मागणी केल्यास पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी येतील, राष्ट्रध्वजाची घडी घालून तो कुटुंबाच्या हाती देतील आणि टॅप्स वाजेल. कर्तव्य आता हक्क बनलं. पण सैन्यात बिगूलवादक अगदी मोजके, म्हणून वादक नसेल तिथे ध्वनिमुद्रण चालेल अशी मुभा ठेवावी लागली. 2003 मध्ये बिगुलाच्या रुंद तोंडात बसणाऱ्या एका यंत्राला मान्यता मिळाली. जवान यंत्राचं बटण दाबतो, बिगूल ओठांशी धरतो आणि आतून मुद्रित टॅप्स निर्दोष वाजतो.

या यंत्राला मी नावं ठेवणार नाही. टेपरेकॉर्डरच्या खरखरीपेक्षा ते कितीतरी बरं, आणि त्याच्यामुळे असंख्य कुटुंबांना रिकामा निरोप घ्यावा लागला नाही. तरी हक्काची पूर्तता झाली म्हणजे मान दिला गेला, असं होत नाही. मान देताना देणाऱ्याचं काहीतरी खर्ची पडावं लागतं. हे ज्यांना पटलं, त्यांतले एक टॉम डे. मरीन दलात काम केलेल्या या गृहस्थांनी 2000 मध्येच ‘ब्यूगल्स अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्वयंसेवी वादकांची संघटना उभी केली. कायद्याने जे राज्याला करायला सांगितलं, ते हे लोक आपण होऊन करू लागले.

मराठी माणसाला ही भावना परकी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात बिगूल आहेच. पण मला आठवतो तो आपल्या गावातला खांदा. तिरडीला खांदा द्यायला कुणी पगारी माणूस लावत नाही. गल्लीतला भांडखोर शेजारीही अशा वेळी पुढे होतो. माजी सैनिक अनोळखी सैनिकासाठी वाजवतो, तेव्हा तो खांदाच देत असतो.

आणि हा खांदा म्हाताऱ्या माणसाने द्यायचा असतो. वयाबरोबर दम कमी होतो, दात पडले की फुंकण्याची पकड जाते. मिनिटभराच्या वाजवण्यासाठी घरी नित्य सराव करावा लागतो, आणि तो ऐकून टाळी वाजवायला कुणी नसतं. टिडबॉल यांच्या छावणीत एका सोबत्याने दुसऱ्यासाठी जे केलं, ते हा माणूस कधीही न भेटलेल्या सोबत्यासाठी करतो. नियमाने मान सर्वांपर्यंत पोहोचवला, कायद्याने तो हक्काचा केला. त्यात सोबत परत आणली ती स्वयंसेवकाने. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच तो विचार पूर्ण झाला असं मी मानतो.

म्हणून असा वादक गेल्यावर त्याच्या अंत्यविधीला बिगूल जिवंत माणसानेच वाजवावा, हे त्याचं किमान देणं आहे. खरा गौरव मात्र पुढच्या आठवड्यात आहे. तेव्हाही कुठेतरी एक अनोळखी सैनिक जाईल, आणि त्याच्यासाठी बिगूल उचलायची पाळी आता दुसऱ्या कुणाची तरी असेल. ती पाळी कुणी घेतली, तरच आपण त्या म्हाताऱ्याला ओळखलं असं म्हणता येईल.