असत्याचे वाटेकरी

शिवाजी नगरातील आमच्या घरी रविवारी सायंकाळी भोपाळची चार-दोन मराठी मंडळी नाटके वाचावयास जमतात. परवा आर्थर मिलरचे १९५३ चे ‘द क्रूसिबल’ वाचून झाले, तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी निकाल देऊन टाकला, “सारा अनर्थ त्या अ‍ॅबिगेलचा!” सर्वांनी माना डोलावल्या. माझी मात्र डोलेना.

अ‍ॅबिगेल लबाड आहे, यात वाद नाही. रानात नाचताना सापडल्यावर शिक्षा चुकविण्यासाठी ती चेटकाचा आळ इतरांवर घालते. पुढे, ज्याच्यावर तिचे मन जडले त्या जॉन प्रॉक्टरच्या पत्नीलाही त्यात गोवते. परंतु इतिहासातील अ‍ॅबिगेल ही ११-१२ वर्षांची पोर होती. तिचे वाढीव वय आणि प्रेमप्रकरण ही नाटककाराची भर. १६९२ मध्ये सेलमच्या खटल्यांत १९ जण फासावर गेले आणि एक वृद्ध दगडांखाली चिरडून मारला गेला. एवढे सामर्थ्य पोरींच्या जिभेत आले कोठून?

ते न्यायासनाने उसने दिले. आरोपीची छाया आपणास छळते, असे साक्षीदाराने म्हणावे आणि ती छाया दुसऱ्या कोणास दिसू नये. अशा पुराव्याची उलटतपासणी कोण करणार? शिवाय, जो गुन्हा कबूल करी तो जगे आणि जो नाकारी तो फासावर जाई. म्हणजे खोट्याला जीवदान व खऱ्याला मरण! धाकाने वा आमिषाने घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, असे आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे २४ वे कलम सांगत असे; २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही ते तत्त्व राखले आहे. त्यामागे केवढे नीतिशास्त्र आहे, हे सेलमकडे पाहिले म्हणजे कळते.

ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. २००० पर्यंत मध्य प्रदेशातच असलेल्या छत्तीसगडला ‘टोनही’ ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध २००५ मध्ये कायदा करावा लागला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. आळ घेणारा एकटाच असतो. परंतु विधवेच्या जमिनीवर डोळा ठेवणारा दीर, आजाराला कारण हवे असणारा शेजारी आणि मुकाट्याने पाहणारे गाव हे सारे त्या असत्याचे वाटेकरी होत.

मीही एकदा वाटेकरी झालो आहे. वकिलीच्या आरंभी माझ्या पक्षकाराच्या बाजूची एक साक्ष मला फार गुळगुळीत वाटली होती. ती सोयीची होती, म्हणून मी एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही जिंकलो. तो विजय आजही मला सुखाने आठवता येत नाही.

याने अ‍ॅबिगेल निर्दोष ठरत नाही. तिचे पाप तिचेच. पण सेलमच्या इतिहासात दोन कबुल्या आहेत. साक्ष देणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पुटनम हिने १७०६ मध्ये चर्चमध्ये क्षमा मागितली, तीही सैतानाने भुलविले असे सांगून. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल मात्र त्याआधीच, १६९७ मध्ये, भर चर्चमध्ये उभा राहिला आणि दोष व लाज त्याने स्वतःकडे घेतली. त्याने ना सैतानाकडे बोट दाखविले, ना त्या पोरींकडे.

त्या वृद्ध स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, “काका, अ‍ॅबिगेल सर्वांनाच ओळखता येते. आपल्यातला न्यायाधीश ओळखणे अवघड.”