धृतराष्ट्राचे जागरण

उद्योगपर्वात एका रात्रीचे वर्णन आहे. पांडवांकडून परतलेल्या संजयाने राजाला दोन कठोर शब्द ऐकवले आणि युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेतच सांगेन, असे म्हणून तो विश्रांतीस निघून गेला. झाले! राजाची झोप उडाली. निरोपात काय असेल, या एकाच चिंतेने त्याचे अंग जळू लागले. त्याने विदुराला बोलावून घेतले आणि काही हिताचे सांग, अशी विनवणी केली. विदुरनीती म्हणून घरोघर वाचली जाते ती या जागरणात सांगितली गेली.

राजा ज्या गोष्टीसाठी तळमळत होता, तिला आजच्या विज्ञानात ‘माहिती’ म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली तिचे माप ठरवले. निरोप येण्यापूर्वी जी अनिश्चितता असते, तिच्यातली जेवढी निरोपाने दूर होते तेवढी माहिती. नाणेफेकीचा निकाल कळला की एक बिट माहिती मिळते. उद्या सूर्य पूर्वेस उगवेल, असे कोणी सांगितले तर काहीच मिळत नाही. निरोपाच्या अर्थाशी या मोजणीला कर्तव्य नाही, हे शॅनन यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. यात विज्ञानाचा दोष नाही. निरोप बिनचूक कसा पोचवावा, एवढाच त्याचा प्रश्न होता. आजचा सारा दूरसंचार त्याच्या उत्तरावर उभा आहे. चूक होते ती त्याच मापाने हित मोजणाऱ्या माणसाची.

विदुराच्या बोलण्यात या मापाने जवळजवळ काहीच नव्हते. लोभ सोडावा, पांडवांचा वाटा त्यांना द्यावा. यातले राजाला ठाऊक नव्हते असे काय होते? त्याने मान्यही केले. तू म्हणतोस ते खरे, माझी बुद्धीही पांडवांकडे झुकते, पण दुर्योधन समोर आला की ती फिरते, असे म्हणून त्याने सारा भार दैवावर टाकला.

आजचा गृहस्थही रात्री हातातल्या दूरध्वनीवर जगाच्या वार्ता चाळीत जागतो. कोठे कोणाचे सरकार पडले, हे त्याला तत्क्षणी कळते. धाकट्या भावाचा वाटा आपण अडवून धरला आहे, हे मात्र त्याला वीस वर्षांपासून ठाऊक असते. त्यासाठी कोणत्याही वार्तेची वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते मागे पडते.

शॅनन यांच्या गणितात आणखी एक मर्म आहे. मार्गात गोंगाट असेल, तर निरोपात हेतुपुरस्सर पुनरुक्ती घालावी लागते. तिच्या बळावर बिघडलेली अक्षरे ओळखून सुधारता येतात. वैदिकांनी हे फार पूर्वी आचरणात आणले. घनपाठात तीच पदे पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हटली जातात. नवे काहीच नाही, पण एक स्वर चुकला तरी तो लपत नाही. नित्य पारायणाला ‘तेच तेच’ म्हणून हसणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा. चित्तातही गोंगाट असतोच. गीतेच्या पहिल्याच श्लोकात राजा आपल्या पुत्रांना ‘माझे’ म्हणतो आणि भावाच्या पुत्रांना ‘पांडव’. एवढ्या एका शब्दाच्या कोलाहलात विदुराची रात्रभराची वाणी बुडाली.

गीतेच्या शेवटी अर्जुन ‘मला नवे कळले’ असे म्हणत नाही. मोह गेला आणि स्मृती परत आली, असे म्हणतो. संजयाने तर सारा संवाद आधीच ऐकलेला होता. तरी तो पुन्हा पुन्हा आठवतो आणि प्रत्येक वेळी हर्षित होतो.

धृतराष्ट्राने प्रश्न केला तेव्हा भीष्म पडल्याची वार्ता घेऊन संजय रणभूमीवरून आलेला होता. सातशे श्लोकांच्या गीतेत राजाच्या मुखी श्लोक एकच, पहिला. ते सर्व कानांवरून गेल्यावर पुढे भीष्मपर्वात तो पुन्हा प्रश्न करतो तो असा: पहिला प्रहार कोणी केला, कौरवांनी की पांडवांनी?