बेथसैदाच्या आंधळ्याचे उत्तर

शास्त्रवाचन : मार्क 8:22-26, 2 करिंथ 12:7-10



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज अगदी सोपी मानली जाते. गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो. 1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. तेव्हापासून या उपचाराने असंख्य लोकांना दृष्टी लाभली. याबद्दल देवाचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

परंतु काहींच्या वाट्याला वेगळा अनुभव येतो. दृष्टी सुधारते, तक्त्यावरची बारीक अक्षरेही वाचता येतात, पण डोळा दुखायचा थांबत नाही. वाळूचा कण गेल्यासारखे खुपते, आग होते, उजेड सोसवत नाही. असे महिने लोटतात. डॉक्टर सांगतात की शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. मंडळीतील माणसे म्हणतात, "प्रभूने डोळे दिले, आता कुरकुर कशाला?" मग तो मनुष्य हळूहळू गप्प राहायला शिकतो. साक्ष देण्याची वेळ आली की दृष्टीविषयी बोलतो. वेदनेविषयी बोलत नाही.

प्रस्तुत लेखक बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात राहतो आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो. डोळ्यांवाचून हे काम चालत नाही. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला वर्ष उलटले, तरी दुपारनंतर ग्रीक अक्षरांवर नजर ठरत नाही. अशा दिवसांत मार्काच्या आठव्या अध्यायातील आंधळा मनुष्य फार जवळचा वाटू लागतो.

प्रभू येशूने त्याचा हात धरला, त्याला गावाबाहेर नेले आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. मग त्याला काही दिसते का, असे विचारले. त्या मनुष्याने वर पाहिले. त्याला माणसे दिसली, पण झाडांसारखी. ती चालत होती म्हणूनच माणसे आहेत हे कळले. त्याने जसे दिसले तसे सांगितले. प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि मग त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागले. आजाऱ्यावर प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवल्याचा उल्लेख सुवार्तांमध्ये येथेच आढळतो.

मूळ ग्रीकमध्ये त्या मनुष्याचे उत्तर अडखळते आहे. एकाच छोट्या वाक्यात 'पाहणे' या अर्थाची दोन क्रियापदे येतात आणि शब्दांची जुळणीही सरळ नाही. भाषांतरकाराला ते वाक्य नीटनेटके करण्याचा मोह होतो. पण जे अर्धवट दिसते, ते सांगणाऱ्याचे बोलणे अर्धवटच असणार. तो मनुष्य उपकाराच्या ओझ्याखाली 'सर्व छान दिसते' असे म्हणाला असता तर? त्याने खरे सांगितले, आणि प्रभूने त्याला कृतघ्न म्हटले नाही. प्रभूने पुन्हा हात पुढे केला.

बेळ्ळंदूरच्या तलावावर वर्षानुवर्षे पांढरा फेस साचत असे. दुरून तो बर्फासारखा दिसे. वास्तविक तो सांडपाण्याचा फेस होता, आणि 2015, 2017 व 2018 साली तेथे आगीही भडकल्या. वेदना झाकण्यासाठी 'सर्व ठीक आहे, प्रभूची स्तुती असो' असे म्हटले जाते, तेव्हा त्या स्तुतीचाही असाच फेस होतो. देवाला तो नको आहे. स्तोत्रकर्त्यांनी आपले कण्हणे त्याच्यापुढे मांडले आणि तेच आपले प्रार्थनेचे पुस्तक झाले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दुखत असेल तर सांगावे. देवाला सांगावे आणि डॉक्टरांनाही सांगावे. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, संवेदना वाहणाऱ्या नसांचे जाळे अतिशय दाट असते. शस्त्रक्रियेच्या छेदाने त्यातील काही नसा तुटतात. डोळा कोरडा पडतो; पापण्यांच्या कडांचा दाह असला तर त्रास वाढतो; कधी थेंबांतील टिकाऊ द्रव्यही सोसत नाही. क्वचित नसाच दुखऱ्या होऊन बसतात. मग तपासणीत फारसे काही दिसत नाही, तरी वेदना खरी असते. यांपैकी पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. मात्र दुखणे वाढू लागले, डोळा लाल झाला किंवा नजर मंदावली, तर एक दिवसही थांबू नये. जंतुसंसर्ग, आतील दाह किंवा वाढलेला दाब यांचे ते लक्षण असू शकते. पुन्हा डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. बेथसैदाचा मनुष्यही दुसऱ्या स्पर्शासाठी उभा राहिलाच ना!

पण सर्व उपाय करूनही दुखणे उरले तर? येथे पौल आपला सोबती होतो. त्याच्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, कृपा मिळाली. तो काटा म्हणजे डोळ्यांचा विकार असावा, असा तर्क काही जण गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरून करतात. शास्त्र मात्र त्याचे नाव सांगत नाही. ते बरेच झाले. प्रत्येक दुखणाऱ्याला आपला काटा तेथे ठेवता येतो.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे त्यांच्या मनात होते. बहिरेपणामुळे ते घडले नाही आणि तो बहिरेपणा गेलाही नाही. तरीही त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणले. 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामाला जडून राहिल्या. बहिरेपण चांगले होते असे कोणी म्हणू नये. ते होते, आणि त्याच्यासह देवाने त्यांना चालवले.

मंडळीलाही एक विनंती. एखादी आजी म्हणाली, "बाळा, दिसते, पण दुखते," तर तिला विश्वासाचा धडा देऊ नका. तिच्याजवळ बसा. तिला शास्त्र वाचून दाखवा, डोळ्यांत थेंब घाला, दवाखान्यात सोबत जा. प्रभूने त्या आंधळ्याचा हात धरला होता. आज तो हात आपल्याला पुढे करायचा आहे.

हे प्रभो, जे दिसू लागले त्याबद्दल तुझे आभार. जे अजून दुखते तेही तुझ्यापुढे ठेवतो. तुझा हात काढून घेऊ नकोस. आमेन.