तू, तुम्ही की आपण?



आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी सध्या स्पॅनिश शिकते आहे. मागच्या रविवारी मिस्सानंतर ती वही घेऊनच आली. इंग्रजीतल्या साध्या 'हाऊ आर यू?' ची स्पॅनिशमध्ये दोन भाषांतरे होतात. मैत्रिणीला 'कोमो एस्तास?' आणि परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'कोमो एस्ता उस्तेद?' "फादर, समोरचा कोण हे आधी ठरवायचं आणि मग विचारायचं!" अशी तिची तक्रार.

आम्हाला हसू आले. 'कसा आहेस' की 'कसे आहात' हे ठरवल्याशिवाय मराठी माणसाचेही तोंड उघडत नाही. ('आपण कसे आहात?' हे बहुधा साहेबांपुरते राखून ठेवलेले.) आईला आपण 'तू' म्हणतो, वडिलांना पुष्कळ घरांत 'तुम्ही'. बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) 'केकावली'त देवाला 'तू'च म्हटले. आपणही स्वर्गीय पित्याला 'तू'च म्हणतो. फ्रेंच भाषिक कॅथलिक मात्र प्रभूच्या प्रार्थनेत १९६६ पर्यंत 'तुम्ही' म्हणत असत.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या साठीच्या मजुरालाही आपण बांधावरून 'तू'च म्हणतो. व्याकरणात हा 'तू' आणि देवाचा 'तू' एकच. मग फरक कुठे? उलट 'तू' म्हणता येते की नाही, यात असावा. पण वडील मुलाला 'तू' म्हणतात, मुलगा तसे म्हणत नाही, तरी त्यात अपमान नसतो. मुलगा उद्या बाप होणार असतो. मजूर मात्र साठीतही 'तू'च राहतो.

मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने १९२३ साली 'मी आणि तू' हा ग्रंथ लिहिला. माणूस समोरच्याला 'तू' मानून भेटतो किंवा वस्तू मानून वापरतो, असे त्याचे म्हणणे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. 'यंदा किती कोयते आले?' या प्रश्नात 'तू' सुद्धा उरत नाही.

हे आम्ही कोणत्या तोंडाने लिहितो आहोत? गेल्या हंगामात इंदापूरहून येताना उसाच्या ट्रॅक्टरपाशी थांबलो होतो. पांढऱ्या मिशांच्या एका माणसाला विचारले, "कुठून आलास रे?" तो म्हणाला, "आष्टीहून, साहेब. तुम्ही कुठले?" आम्ही बारामती सांगितले आणि गाडीत बसलो. पुढच्या फाट्यावर चूक ध्यानात आली. परत फिरून निदान "जेवलात का?" एवढे विचारावे म्हणून गाडी वळवली, तोवर ट्रॅक्टर निघून गेला होता.