थ्रॉटल मागे घेण्याचा धडा

बारामती, धुळे, गोंदियाच्या विमानतळांवर विशीतली मुलं-मुली छोट्या विमानांतून उड्डाणाचे धडे गिरवतात. अशा प्रशिक्षणात अपघात झाला की बातमीत ‘नियंत्रण सुटलं’ एवढंच येतं. पण टेकऑफच्या वेळी नियंत्रण सुटतं ते बहुतेकदा ठरावीक क्रमाने, आणि तो क्रम मध्येच तोडता येतो. तो कसा तोडायचा हे विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडेपर्यंत आपण शिकवतो का?

सेस्ना 172 चं उदाहरण घेऊ. इंजिन पूर्ण ताकदीवर नेलं की नाक डावीकडे ओढ घेतं. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा धडाभोवती पीळ घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या अंगाने आदळते, हे त्याचं एक कारण. अशा वेळी रडरचं उजवं पेडल दाबून नाक मध्यरेषेवर धरायचं असतं. मोटार चालवायची सवय असलेला नवशिका मात्र गांगरला की हातातलं चाक फिरवतो. जमिनीवर त्या चाकाने विमान वळत नाही, ते पायांनी वळवावं लागतं. धावपट्टीची कड जवळ येऊ लागते आणि सुटका म्हणून तो चाक पोटाशी ओढतो. पुरेसा वेग नसतानाही जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने विमान उचललं जातं. जरा वर जाताच तो आधार सरतो आणि एक पंख खाली कलतो. पहिल्या सोलोला तर इन्स्ट्रक्टरचं वजन नसल्याने विमान सवयीपेक्षा लवकर जमीन सोडतं.

चाक ओढण्याआधी थ्रॉटल मागे घेतला असता, तर डावीकडची ओढच ओसरली असती. मग उजवा पाय सैल करून नाक सरळ ठेवायचं आणि बेताने ब्रेक लावायचे. समुद्रसपाटीला, वारा नसताना या विमानाला जमिनीवर साधारण 300 मीटर धाव लागते. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे थांबायला जागा भरपूर असते.

अडचण मनाची असते. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं, तासागणिक पैसे मोजावे लागतात आणि अनेक घरांनी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. अशा मुलाला अर्धवट सोडलेला टेकऑफ नापास झाल्यासारखा वाटतो.

सारखं थांबायला शिकवलं तर मुलं भित्री होतील आणि उशिरा थांबणंही धोक्याचं, असा आक्षेप घेतला जातो. त्याचा दुसरा भाग खराच आहे. म्हणूनच हा निर्णय धाव सुरू होण्याआधी ठरलेला हवा. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर थांबायचं, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. नाक मध्यरेषेवरून हललं आणि लगेच सावरलं नाही तर थांबायचं, हेही त्याच्याच जोडीला घोकून घ्यावं. आधी ठरवून थांबणाऱ्याला भित्रा म्हणता येत नाही.

अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे, असं आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण कराराचं एक परिशिष्ट सांगतं. हेच तत्त्व अपघाताची वाट न पाहता रोजच्या वर्गात यायला हवं. टेकऑफ सोडून परतलेल्या विद्यार्थ्याला झापू नका, त्याला काय जाणवलं ते विचारा. आणि सोलोला पाठवण्यापूर्वी प्रत्येक इन्स्ट्रक्टरने त्याच्याकडून टेकऑफ सोडून देण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घ्यावा.