शुश्रूषा आणि ऐकणे

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रुग्णसेवेच्या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र सेवा असा नाही. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे बोल ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करी. कालांतराने ऐकणे मागे पडले आणि सेवा तेवढी उरली. भाषेत अशी अर्थांतरे नेहमीच होतात, त्यांची खंत करण्याचे कारण नसते. परंतु २०२० साली जगभरच्या वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषागृहांत जे घडले त्याचा विचार करू लागलो, की या शब्दातून गळून पडलेला अर्थ नुसत्या व्युत्पत्तीचा विषय राहत नाही. ज्याचे म्हणणे आपण ऐकून घेत नाही, त्याची शुश्रूषा आपल्याला करता येते काय, असा प्रश्न उभा राहतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ, कर्कलंड नावाचे शहर आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तेथील एका शुश्रूषागृहात कोविडची साथ शिरल्याचे उघडकीस आले. १८ मार्चपर्यंत त्या एका संस्थेशी निगडित असे १६७ रुग्ण आढळले: १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि भेटीस आलेली १६ माणसे. रहिवाशांपैकी ३४ जण दगावले. त्याच भागातील दुसऱ्या एका शुश्रूषागृहात ७६ रहिवाशांची तपासणी झाली, तेव्हा ४८ जणांना संसर्ग झालेला होता आणि त्यांपैकी २७ जणांत तपासणीच्या वेळी आजाराचे कोणतेही लक्षण नव्हते. यांतील २४ जणांत ती लक्षणे पुढे दिसू लागली. याचा अर्थ असा, की धडधाकट दिसणारा मनुष्य रोग घेऊन फिरत होता आणि त्याची त्याला गंधवार्ताही नव्हती. आईला भेटायला आलेली मुलगी जितकी जवळ बसेल तितका धोका अधिक. माया हेच रोगाचे वाहन ठरत होते. १३ मार्च रोजी तेथील केंद्रीय यंत्रणेने, मरणासन्न माणसांचा अपवाद ठेवून, देशातील शुश्रूषागृहांत बाहेरच्यांना मज्जाव करण्याचा आदेश काढला. ज्यांनी ही दारे बंद केली त्यांना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. त्या घटकेला दार उघडे ठेवणे हीच निष्ठुरता ठरली असती.

तथापि प्रश्न इथे संपत नाही. खरे तर तो इथून सुरू होतो. दार बंद झाल्यावर आत काय उरले? खिडकीच्या काचेपलीकडे उभे राहून हात हलवणारे नातेवाईक त्या दिवसांत साऱ्या जगाने छायाचित्रांतून पाहिले. ज्याला ऐकू कमी येते त्याला दूरध्वनीचा उपयोग नाही. ज्याची स्मृती ढासळली आहे त्याला साथ म्हणजे काय हे समजावता येत नाही. मुलगा येत नाही एवढेच त्याला कळते, आणि तो का येत नाही याचे उत्तर तो स्वतःच शोधून काढतो. शिवाय काळाचे मापही सर्वांना सारखे नसते. तरुणाच्या हिशेबी सहा महिने म्हणजे पुढे ढकललेली एक सहल असेल. ज्याच्यापाशी दोनच वर्षे उरली आहेत, त्याच्या शिल्लक आयुष्याचा तो चौथा हिस्सा असतो.

मराठीत ‘जीवित’ आणि ‘जीवन’ असे दोन शब्द आहेत. हानी होते ती जीविताची. सार्थक होते ते जीवनाचे. जीवित राखणे हे शुश्रूषेचे पहिले कर्तव्य आहे यात शंका नाही, कारण त्यावाचून जीवनाची गोष्टच निघत नाही. परंतु कशासाठी राखायचे, हे मात्र ज्याचे जीवन त्यानेच सांगावयाचे असते. आणि नेमके तेच त्याला विचारले गेले नाही. आयुष्यभर घर चालवलेल्या, निर्णय घेतलेल्या माणसांच्या बाबतीत त्यांच्या अखेरच्या वर्षांचा सर्वांत मोठा निर्णय त्यांच्यावाचून झाला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. शुश्रूषागृहात माणूस एकटा राहत नाही. मी धोका पत्करतो असे एकाने म्हटले, तरी तो धोका शेजारच्या खाटेवरील माणसाच्याही वाट्याला येतो. मग एकेकाचे ऐकून कसे चालेल? या आक्षेपाचे बळ बरेचसे आपल्या भाषेतील एका द्व्यर्थात आहे. ‘ऐकणे’ या क्रियापदाचा अर्थ आपण ‘आज्ञा मानणे’ असाही करतो. ‘पोरगा माझे ऐकत नाही’ असे म्हणताना आपल्याला त्याच्या कानांविषयी तक्रार करावयाची नसते. म्हणून ऐकून घेतले की तसेच करावे लागेल, अशी भीती व्यवस्थेला वाटते आणि ती ऐकण्याचेच टाळते. वास्तविक ऐकून घेऊनही नकार देता येतो. मात्र असा नकार कारणासह द्यावा लागतो आणि तो किती दिवसांसाठी आहे हेही सांगावे लागते.

ऐकल्याने काय सुचते याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. तेथे २० मार्च २०२० पासून शुश्रूषागृहांतील भेटी बंद होत्या. ११ मेपासून २६ संस्थांत, प्रत्येक रहिवाशामागे एका ठरलेल्या माणसाला, अटी घालून, आत येऊ देण्यात आले. पहिल्या काही आठवड्यांत त्या संस्थांत नवा संसर्ग आढळला नाही. एवढ्यावरून मोठा सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. पण पूर्ण बंद आणि पूर्ण उघडे यांच्या मध्ये दाराच्या पुष्कळ अवस्था असतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

फ्रान्समध्ये लियाँजवळच्या मियों या गावातील एका वृद्धाश्रमाने दुसरा मार्ग काढला. तेथील काही कर्मचारी १८ मार्च ते ४ मे असे ४७ दिवस वृद्धांबरोबर आतच राहिले, जमिनीवर गाद्या टाकून झोपले. बाहेरचे कोणी आत नाही आणि आतले कोणी बाहेर नाही, त्यामुळे वृद्धांना खोल्यांत कोंडावे लागले नाही. रोगही आत आला नाही. दार इथेही बंदच होते. परंतु ज्यांनी ते लावले ते त्याच्या आतल्या बाजूला होते.

हे उदाहरण हृद्य आहे, तसेच अडचणीचेही. असा त्याग कोणाकडून मागता येईल? सेविकेलाही घरी मूल असते, म्हातारी सासू असते. त्याच मार्चमध्ये स्पेनच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केले, की निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही ठिकाणी वृद्ध वाऱ्यावर सोडलेले आढळले, तर काही अंथरुणातच मरून पडलेले. संतपण आणि पलायन या दोहोंपैकी एक निवडा, असे तुटपुंज्या वेतनावरील माणसाला सांगणारा समाज आपले कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकत असतो. कर्कलंडच्या परिसरात साथ पसरण्याच्या कारणांत कर्मचाऱ्यांनी आजारी असूनही कामावर येणे आणि एकाहून अधिक संस्थांत काम करणे यांची नोंद सरकारी अहवालाने केली आहे. असे त्यांना का करावे लागते, हे साथ येण्यापूर्वी कोणी ऐकून घेतले होते काय? जो सेवा करतो त्याचे न ऐकणारी व्यवस्था, ज्याची सेवा होते त्याचेही ऐकू शकत नाही.

आपल्या इतिहासात या दोन वृत्ती एकाच वर्षी, एकाच शहरात शेजारी शेजारी दिसतात. १८९७ च्या प्लेगात साथरोगांचा कायदा आला. त्यात शासनाचे अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे, सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. ज्याला उचलून न्यावयाचे त्याला काही विचारण्याची तरतूद नाही. पुण्यातील घरझडत्यांनी लोक किती दुखावले हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना रोग जडला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे तोच कायदा पुन्हा लागू झाला. आपल्या वृद्धाश्रमांनीही दारे लावून घेतली.

कायद्याची गरज नाही असे मी म्हणत नाही. साथीत आज्ञा द्यावी लागते आणि ती त्वरेने द्यावी लागते. म्हणूनच विचारपूस साथ नसतानाच्या दिवसांत व्हावयास हवी. दार लावावे लागले तर तुमच्याजवळ कोण असावे, कोणता धोका तुम्ही पत्कराल, कोणता पत्करणार नाही, हे त्या त्या माणसाला शांतपणे विचारून लिहून ठेवता येईल. त्यातले सारे पाळता येणार नाही. परंतु ज्याला विचारले गेले आहे तो मनुष्य बंद दाराआडही मनुष्यच राहतो, आणि ज्याने विचारले आहे त्याला दार लावताना आपण काय लावून घेत आहोत याची जाणीव राहते.